स्पेनमध्ये शाकाहारी मैत्रिणीसोबत काय काय खावं?

मुक्ता_भटकी: ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघी मैत्रिणी सेव्हिल, कॉर्दोबा, ग्रानादा करतोय. एक जण पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही. तिला रोज सॅलडवर ठेवायचं जिवावर येतंय. काय मागवू?

खवय्या_ठाणे: अजिबात काळजी करू नका, अंदालुसियात, म्हणजे ही तिन्ही शहरं आहेत त्या दक्षिण स्पेनच्या भागात, तिची चंगळ होईल. सेव्हिलला ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवाच: पालक, काबुली चणे, जिरं-लसणाचा खमंग वास. आपल्या जिभेला पहिल्या घासातच ओळखीचं लागतं. कॉर्दोबात वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप मिळतात, वर उसाची काकवी. गरम असतानाच संपवा, निवले की मऊ पडतात. तिथलंच साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण, ऑलिव्ह तेलाचं दाट, गार सूप. त्यावर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे भुरभुरतात, म्हणून आधीच ‘सिन खामोन, सिन उएवो’ (हॅम नको, अंडं नको) सांगा.

अनघा_पुणे: वेळा सांभाळा. दुपारचं जेवण २ ते ४, रात्री ९च्या आधी बऱ्याच ठिकाणी किचन सुरूच होत नाही. दुपारी ‘मेनू देल दिया’ घ्या. ठरलेल्या दरात दोन पदार्थ, पाव आणि गोड किंवा कॉफी. पोटभर होतं.

मुक्ता_भटकी: मस्त! ग्रानादात ड्रिंकसोबत तापा, म्हणजे छोटीशी खाण्याची प्लेट, फुकट देतात म्हणे. तो शाकाहारी मिळेल?

खवय्या_ठाणे: तापा बहुतेक वेळा बारवालाच ठरवतो. ड्रिंक सांगतानाच ‘सोय बेखेतारियाना’ (मी शाकाहारी आहे) म्हणा, बरेच जण आनंदाने बदलून देतात.