रोजचा स्टँड-अप बंद करून लेखी अपडेट घ्यावा का?

कोरा_कागद

आमच्या टीमचा स्टँड-अप, म्हणजे कामाचा आढावा घ्यायची छोटी मीटिंग, रोज सकाळी साडेदहाला. नावाला पंधरा मिनिटं, संपतो सव्वाअकराला. मॅनेजर स्क्रीनवर जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) उघडून एकेक तिकीट, म्हणजे नोंदवलेलं काम, मोठ्याने वाचतो. ज्याचं तिकीट तो दोन वाक्यं बोलतो, बाकीचे कॅमेरा बंद करून कोड लिहीत बसतात. 'तुझा आवाज म्यूट आहे' हे वाक्य रोज एकदा तरी होतंच.

माझं म्हणणं सरळ आहे. कोण काय करतंय हे चॅटवर चार ओळींत लिहा. मीटिंग लावा ती काही ठरवायचं असेल तरच. ॲमेझॉनमध्ये संस्थापक जेफ बेझोसने २००४ मध्ये वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि लेखी टिपण सक्तीचं केलं. ऑनलाइन दुकानांसाठी सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायने जानेवारी २०२३ मध्ये दोनपेक्षा जास्त माणसांच्या, दर आठवड्याला आपोआप होणाऱ्या वगैरे मीटिंगा कॅलेंडरवरून सरसकट उडवल्या. मग आपलंच घोडं कुठे अडलंय?

लीड_बाबूराव

असहमत. लेखी अपडेटचा प्रयोग आमच्याकडे झालाय. पहिला आठवडा मस्त गेला. मग सगळ्यांचे अपडेट एकसारखे यायला लागले: 'काम चालू आहे, उद्यापर्यंत होईल.' काहींनी तर कालचाच मेसेज कॉपी करून टाकला. जो खरंच अडकलाय तो कधीच लिहीत नाही, त्याला वाटतं अजून दोन तास दिले की सुटेल. बोलताना तोच माणूस 'हो, म्हणजे, जवळजवळ झालंय' म्हणतो आणि त्या 'जवळजवळ'वरून मला कळतं की याच्याशी नंतर बसावं लागणार.

आणि ॲमेझॉनचा दाखला तुमच्यावरच उलटतोय. तिथे मीटिंग गेली नाही, पॉवरपॉइंट गेलं. सहा पानांचं टिपण वाचून झाल्यावर त्याच खोलीत कडाक्याची चर्चा होते. असं टिपण लिहायला कित्येक दिवस लागतात. आपल्याकडे तिकिटाचं वर्णन काय असतं? 'लॉगिन इश्यू. प्लीज फिक्स.'

नियमावली

मूळ धाग्यात वर्णन केलंय तो स्टँड-अप नसून हजेरी आहे. स्क्रम गाइड (स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीची नियमपुस्तिका) उघडून बघा, जेमतेम तेरा-चौदा पानांचं आहे. डेली स्क्रम, म्हणजे हाच स्टँड-अप, पंधरा मिनिटांचा आणि डेव्हलपर्ससाठी. स्क्रम मास्टर (पद्धत नीट पाळली जाते का बघणारा) किंवा प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) स्वतः त्या स्प्रिंटमधलं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या टप्प्यातलं, काम करत असतील, तर डेव्हलपर म्हणूनच भाग घेतात. 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हे तीन प्रश्नसुद्धा २०२० च्या आवृत्तीत काढून टाकलेत. मॅनेजरने एकेकाचा हिशेब घ्यावा असं त्यात कुठेही नाही.

कोरा_कागद

@नियमावली, गाइडमध्ये काय आहे ते मॅनेजरला कोण सांगणार? अप्रेझल झाल्यावर बघू.

चाकण_सेकंड_शिफ्ट

तुम्ही बसून काम करणारी माणसं, म्हणून लेखीचा हट्ट. आमच्याकडे शिफ्ट सुरू होताना लाइनवर उभ्या-उभ्याच मीटिंग होते. सेफ्टी, आधीच्या शिफ्टचं रिजेक्शन, कुठलं मशीन बंद आहे, आज कोण आलेलं नाही. बोर्डावर लाल-हिरवं असतंच, तरी बोलून सांगतात, कारण कोण कुठे उभं राहणार हे तिथेच ठरतं. एखाद्या मशीनचा लोचा निघाला तर मेंटेनन्सवाला आणि सुपरवायझर मागे थांबतात, बाकीचे आपापल्या स्टेशनला. लांबण लावायची सोयच नाही, लाइन सुरू करायची असते.

तुमच्याकडे ती 'बाकीचे जा' म्हणायची पद्धत दिसत नाही. दोघांचं भांडण अकरा जण ऐकत बसतात.

मंजिरी_नाइटकॉल

सकाळी साडेदहाचा स्टँड-अप जाचतो म्हणणाऱ्यांचा हेवा वाटला. माझा क्लायंट कॅलिफोर्नियाचा. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं मागे गेली की मार्चपर्यंत साडेदहा. मुलाला झोपवायचं की 'नो ब्लॉकर्स फ्रॉम माय साइड' (माझं काही अडलेलं नाही) म्हणायचं? लेखी अपडेट ही माझ्यासाठी चैन नाही. मी संध्याकाळी सहाला लिहून टाकते, त्यांनी त्यांच्या सकाळी वाचावं.

लीड_बाबूराव

@मंजिरी, मुद्दा पटतो, पण एक कडू गोष्ट सांगतो. रेटिंगच्या वेळी क्लायंटला विचारलं की टीममध्ये चांगलं कोण, तर ज्याचा आवाज त्याला माहीत आहे त्याचंच नाव येतं. लिहिणाऱ्यांचं काम वाचलं जातं, नाव लक्षात राहत नाही.

मंजिरी_नाइटकॉल

मग ही मीटिंग काम पुढे सरकवायला नाही, दिसायला आहे, हे एकदा कबूल करा. दिसण्यासाठी महिन्यातून एकदा जागेन. रोज नाही.

नवा_गडी_लातूर

मी फ्रेशर. दोन्ही बाजू पटताहेत, माफ करा. घरून काम करताना कोण कुठल्या मॉड्यूलवर आहे हे मला स्टँड-अपमुळेच कळतं, नाहीतर अडल्यावर कोणाला पिंग करायचं हाच प्रश्न. पण तिथे इंग्रजीत फाडफाड बोलणाऱ्याचं अर्धं झालेलं काम पूर्ण वाटतं आणि माझं पूर्ण झालेलं अर्धं. लिहिताना निदान वाक्य जुळवायला वेळ मिळतो.

पंचायत_समिती

तुमचा पाऊण तास वाचून हसू आलं. आमच्याकडे जिल्ह्याची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागते. माहिती आदल्या दिवशी एक्सेलमध्ये मागवून घेतात, मग व्हीसीत तालुकानिहाय तीच वाचून दाखवायची. आपल्या तालुक्याचा नंबर येईपर्यंत चहा तीनदा. म्हणजे लेखीही आहे आणि तोंडीही. चालू द्या.

कोरा_कागद

बरं, तोडगा सुचवतो. लेखी रोज, स्टँड-अप फक्त मंगळवारी आणि गुरुवारी, मॅनेजरने बोर्ड (जिरावर सगळी तिकिटं दिसतात तो) आधी वाचून यावं.

लीड_बाबूराव

'आधी वाचून यावं' इथेच तुमचा तोडगा झोपला. कोणी वाचून येत नाही, नुसतं वाचल्यासारखं करतात. ॲमेझॉनमध्ये सुरुवातीला सगळे गप्प बसून टिपण वाचतात ते याचसाठी, वाचायचा वेळ मीटिंगमध्येच धरलेला असतो. आपणही पहिली तीन मिनिटं बोर्ड मुकाट्याने वाचू, मॅनेजरसकट. मग अडलेल्या तिकिटांवरच बोलायचं आणि चाकणकर म्हणतात तसं, संबंधित थांबतील, बाकीचे सुटतील.

कोरा_कागद

हे चालेल. पण बोर्डावर एकही लाल, म्हणजे अडलेलं, तिकीट नसेल त्या दिवशी मीटिंग रद्द.

लीड_बाबूराव

ते नाही. लाल तिकीट कोणी तरी स्वतःहून लाल करावं लागतं ना? मागच्या रिलीजच्या आदल्या दिवशी आमचा बोर्ड वरपासून खालपर्यंत हिरवा होता.