डीमार्टच्या ताळेबंदात कॅश मध्येच फुगते आणि परत आटते, असं का होतं?

नाशिकची_एमकॉम
नमस्कार मंडळी. एमकॉमच्या प्रोजेक्टला मी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स म्हणजे आपलं डीमार्ट घेतलंय. २०१७ पासूनचे ॲन्युअल रिपोर्ट उतरवून घेतले आणि दरवर्षी एकूण मालमत्तेत कशाचा किती टक्के हिस्सा ते एक्सेलमध्ये मांडलं. मला वाटलेलं दुकानं वाढली की मालाचा हिस्सा पण वाढत जाईल, पण तसं काही दिसतच नाही. मार्च २०१७ ला बँकेत भरपूर पैसा दिसतो, मग तो आटतो, मार्च २०२० ला एफडी वगैरे धरून परत फुगतो आणि त्याच वर्षी जमीन-इमारतींचा हिस्सा एकदम खाली जातो. दुकानं विकली का काय असं वाटलं, पण दुकानं तर १७६ ची २१४ झालीत! वरून राईट-ऑफ-यूज नावाची नवीनच ओळ उगवलीये. मॅडम म्हणतात नुसते टक्के नकोत, कारणं लिही. कुणी समजावून सांगेल का प्लीज?

सीए_ताई_ठाणे
अगं एक्सेल बाजूला ठेव आणि आधी तारखा बघ. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चचा एक फोटो. डीमार्टचा शेअर लिस्ट झाला २१ मार्च २०१७ ला, आयपीओचे १,८७० कोटी आले आणि दहा दिवसांत फोटो निघाला, मग पैसा बँकेतच दिसणार ना. त्यातले १,०८० कोटी कर्ज फेडायला ठेवलेले होते, ते गेले की कॅश आटली. २०२० चं पण तसंच, फेब्रुवारीत क्यूआयपी करून, म्हणजे मोठ्या गुंतवणूक संस्थांना थेट नवे शेअर देऊन, २,०४९ रुपयांनी २ कोटी शेअर विकले, म्हणजे ४,०९८ कोटी आले, आणि ३१ मार्चपर्यंत ते खर्च होणं शक्यच नव्हतं. आणि हे प्रोजेक्टमध्ये नक्की लिही की ती क्यूआयपी नुसती पैशाची गरज म्हणून नव्हती, प्रमोटर मंडळींकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे, ७५ टक्क्यांच्या वर शेअर होते, सेबीच्या नियमाने लिस्टिंगनंतर तीन वर्षांत ते खाली आणायचे होते. म्हणजे मालमत्तेचं मिश्रण बदललं ते नुसतं धंद्यामुळे नाही, नियमामुळे पण.

जमीन-इमारत रुपयांत वाढलीच आहे, एकूण आकडा फुगला म्हणून टक्का पडला. टक्क्याशेजारी रुपयांचा कॉलम ठेवल्याशिवाय एकही वाक्य लिहू नकोस.

राईट-ऑफ-यूज म्हणजे भाडेपट्ट्याने घेतलेली जागा वापरायचा हक्क, ती ओळ आली १ एप्रिल २०१९ पासून, इंड-एएस ११६ या भाडेपट्ट्यांच्या हिशेबाच्या नियमामुळे. आपल्याकडे सिडकोचा प्लॉट ६० वर्षांच्या, एमआयडीसीचा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, पैसे बहुतेक आधीच भरलेले असतात. असे भाडेपट्टे त्या ओळीत जातात. त्यामुळे २०१९ आणि २०२० ची थेट तुलना केलीस तर चुकशील.

रॅक_वाला
ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मालाचं मी सांगतो, मी सहा वर्षं एका सुपरमार्केटमध्ये (डीमार्ट नाही) इन्व्हेंटरीला होतो. मार्च २०१७ ला डीमार्टकडे माल होता साधारण ९५० कोटींचा आणि वर्षाची विक्री ११,९०० कोटींच्या आसपास. मार्च २०२४ ला माल ३,९०० कोटी आणि विक्री ५०,८०० कोटी. आता भागाकार करून बघ, दोन्ही वेळेला माल साधारण महिनाभराच्या विक्रीइतकाच येतो. दुकानं १३१ ची ३६५ झाली तरी! म्हणजे मालाचा हिस्सा वाढला नाही ही अडचण नाहीच, तीच तर कमाई आहे. आम्ही रोज रात्री शटर पडल्यावर रॅकच्या वरच्या फळीवरची खोकी मोजायचो, कुठला साबण तिथं तीन आठवडे हललेला नाही ते वहीत लिहायचो आणि सकाळी मॅनेजर आधी ती वही मागायचा, चहा नंतर. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हे तिथं अंगात भिनतं. आणि उधारी नाही, गिऱ्हाईक काउंटरवरच पैसे देतं, म्हणून येणी जवळपास नाहीतच, ती ओळ शोधत बसू नको.

नाशिकची_एमकॉम
ताई, दादा, खूप खूप आभार! भागाकार केला, २९ आणि २८ दिवस आले!! एक अजून विचारते, २०२० नंतर जमीन-इमारतीचा हिस्सा परत चढतो तो क्यूआयपीचा पैसा तिकडे गेला म्हणूनच ना? आणि सगळे भाड्याने घेतात तर हे जागा विकत का घेतात?

पागडीवाले_दादर
हो, बराचसा तिकडेच गेला, रोख प्रवाहाचं पान उघड, त्यात दरवर्षी किती पैसा जागा-इमारतीत घातला ते दिसेल. दुकानाचा आकार पण वाढलाय बघ, २०१७ ला सरासरी सुमारे ३१ हजार चौरस फूट होता तो २०२४ ला ४१ हजारांच्या वर गेला.

विकत का, याचं उत्तर माझ्या घरातच आहे. आमचं किराणा दुकान आजोबांपासून पागडीवर, आमच्या ताळेबंदात माल, थोडी उधारी आणि गल्ला, जागा नाहीच. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा तीन वर्षं धंदा बंद होता आणि त्या तीन वर्षांत आमचं जुनं गिऱ्हाईक पांगलं ते पांगलंच. मोठ्यांचं पण बघ, बिग बाझारच्या जागा भाड्याच्या होत्या, ते चालवणाऱ्या फ्युचरवाल्यांचं भाडं थकलं, शेकडो जागांचे करार रिलायन्सने आपल्या नावावर घेतलेले होते आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानं ताब्यात गेली. जुलैत कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत. माल होता, नाव होतं, पायाखालची जमीन नव्हती.

एकच ध्यानात ठेव, जमीन खरेदीच्या किमतीलाच दाखवतात आणि इमारतीला दरवर्षी घसारा लागतो. पवईचं पहिलं दुकान २००२ चं आहे, तिथला आजचा भाव काय तो त्या ओळीत दिसणारच नाही. मॅडमना हे आवर्जून सांग.