सोसायटी ग्रुप : जिन्याखालच्या गाद्या

रविवार, १८ मे २०२५

ए-१०२ काका (११.४२)
सलाम. उपासनेहून आलो तर ए विंगच्या जिन्याखाली परत तीन गाद्या. वर चिठ्ठी, "निवाऱ्यासाठी, प्रेमपूर्वक", म्हणजे आपल्या बेघरांच्या निवाऱ्यासाठी. कापसाच्या आहेत, एकीच्या शिवणीत काळे ठिपके. ज्यांनी ठेवल्या त्यांनी संध्याकाळच्या आत उचलाव्यात. मागच्या पावसाळ्यात ढेकणांनी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

बी-१०३ (११.४५)
काका, "प्रेमपूर्वक" लिहिलंय म्हणजे बी विंग नक्की नाही 😄

डी-२ सिस्टर (११.४९)
काळे ठिपके म्हणजे ढेकणांची घाण. कुणी झटकू नका, घरातून नेऊ नका. मोठ्या काळ्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा. आत काय आहे ते वर लिहा, नाहीतर भंगारवाला नेऊन दुसऱ्याला विकेल.

सचिव (११.५८)
काकांचा राग रास्त आहे. पुन्हा एकदा सांगतो, निवाऱ्यात वापरलेली गादी, उशी, सोफा घेत नाही. २४ खाटा आहेत, त्यातली एक लागली की दोन महिन्यांत सगळ्या लागतात. फवारणीने ढेकूण मरतात, अंडी मरत नाहीत. ती आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून १४ दिवसांनी दुसरी फवारणी लागतेच. मागच्या वेळी पैसे वाचवायला ती दुसरी टाळली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. आता लोखंडी खाटा, भिंतीपासून वीतभर दूर, चार इंची फोमवर चेनचं रेक्झिन कव्हर. चादरी ६० अंशाच्या पाण्यात अर्धा तास.

सी-२०१ काकू (१२.०४)
आणि घोंगड्या पण नकोत हो. नाताळात ११० आल्या. कपाटं भरली, उरलेल्या बाकांखाली आहेत. जूनमध्ये तूरडाळ मात्र कुणाला आठवत नाही.

खजिनदार बी-३०४ (१२.१०)
विषय निघालाच आहे तर. फॉर्म १०बीडी, म्हणजे आयकर खात्याला द्यायची देणगीदारांची यादी, ३१ मेपर्यंत भरायचा आहे. ३१ देणगीदारांचे पॅन अजून आलेले नाहीत. उशीर झाला की दिवसाला २०० रु. शुल्क, ते निवाऱ्याच्या ताटातून जाणार. पॅन मला खासगीत पाठवा, ग्रुपवर नको.

ए-४०१ सर (१२.३१)
दर मे महिन्यात हेच रडगाणं. मी दोन वर्षं सांगतोय, महापालिकेकडे अर्ज करा. बेघरांसाठी निवारे चालवणं हे मुळात सरकारचं काम आहे, सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं आहे. अनुदान घेण्यात कसला कमीपणा?

सचिव (१२.४०)
सर, कमीपणाचा प्रश्न नाही. केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेत, २०२४ पर्यंत चालली ती, माणशी ५० चौरस फूट जागा आणि किमान ५० माणसं धरलेली होती. आपला हॉल १,२५० चौरस फूट, म्हणजे २५ जण. जागेचा निकष आपण स्वतःहून पाळतो, म्हणूनच २४ वर थांबलो. आणि अनुदान हप्त्याने येतं. हप्ता चार महिने लांबला तर रखवालदाराचा पगार कुठून द्यायचा? हातात राखीव निधी असेल तरच अनुदान पेलतं. आपल्याकडे आज ६१ हजार आहेत.

ए-४०१ सर (१२.४४)
६१ हजार? खर्च किती महिन्याला?

खजिनदार बी-३०४ (१२.५३)
किराणा, भाजी, दूध माणशी रोज ९० प्रमाणे ६४,८००. दोन रखवालदार ३४,०००. १९ किलोचे तीन सिलिंडर ५,४००. वीज ७,५००. पाणी आणि टँकर ६,०००. साबण-फिनेल ४,५००. औषधं आणि फवारणी ५,०००. एकूण १,२७,२००.
जमा : दरमहा ५०० देणारी १४६ घरं, म्हणजे ७३,०००. पहिल्या रविवारचं अर्पण साधारण १५,०००. तूट ३९,२००. ती नाताळच्या पैशातून भरतो, आणि तो पैसा मेमध्ये संपतो.
३१ जणांचे पॅन बाकी आहेत.

बी-१०३ (१२.५५)
सणाच्या लिलावात एक भोपळा ११०० ला गेला होता. दर रविवारी भोपळा ठेवा.

सी-२०१ काकू (१२.५७)
भोपळा माझ्या परसातला होता बरं. आणि ज्यांनी बोली लावली त्यांनी पैसे अजून दिलेले नाहीत. नाव घेत नाही.

ए-१०२ काका (१२.५८)
गाद्या अजून तिथेच आहेत.

ए-३०२ ताई (१.१५)
मला वाटतं विश्वास कमी पडतोय आपला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात केडगावला शेकडो बायकामुली सांभाळल्या, त्या काय अनुदानावर? देव पुरवतो.

सचिव (१.२६)
ताई, देव पुरवतो हे मीही मानतो. पण रमाबाईंचं काम नीट बघा. केडगावला शेती होती, विहिरी खणल्या, विणकाम, तेलघाणा, छापखाना होता. त्याआधी शारदा सदनासाठी, म्हणजे त्यांच्या विधवांच्या शाळेसाठी, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १० वर्षांची हमी दिली होती आणि गावोगावच्या मंडळांतून दरवर्षी ठरलेली रक्कम यायची. ठरलेली, ताई. आपल्याला तेच हवंय. डिसेंबरच्या ५,००० पेक्षा दरमहा ५०० मोलाचे, कारण त्यावर किराण्याची यादी करता येते. अशी आणखी ७९ घरं मिळाली की तूट संपते.

डी-२ सिस्टर (१.३०)
आमेन. आमच्या घरून दोन धरा, माझे वेगळे, मुलाचे वेगळे.

सी-४०३ मावशी (१.३८)
माझा भाचा अमेरिकेत आहे, ५०० डॉलर पाठवतो म्हणतोय. माझ्या खात्यावर घेते आणि निवाऱ्याला देते. चालेल ना?

खजिनदार बी-३०४ (१.४७)
नको मावशी, थांबा. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्याच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत सरळ ट्रस्टच्या खात्यावर पाठवू शकतो, ती विदेशी देणगी होत नाही. पासपोर्टची प्रत मात्र लागेल. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) असलं तरी ती विदेशी देणगी. त्याला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी हवी, ती आपल्याकडे नाही. नोंदणी असली तरी पैसा आधी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावा लागतो. तुमच्या खात्यावरून वळवला तर तुम्हीही अडकाल आणि ट्रस्टही.

सी-४०३ मावशी (१.४९)
तो ओसीआय आहे. बरं. मग त्याला सांगते प्रार्थना कर.

बी-३०१ (२.०५)
८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीचं काय? माझ्या सीएने सांगितलं काही उपयोग नाही.

खजिनदार बी-३०४ (२.१४)
नवीन करप्रणाली घेतली असेल तर ८०जीची वजावट मिळत नाही, खरं आहे. जुनी असेल तर ५० टक्के मिळते, पण २,००० च्या वर रोख दिली तर काहीच नाही. म्हणून देणगी मागताना आधी कामाचं सांगा, वजावटीचं नंतर. आणि "नाव लिहू नका" म्हणून पाकीट देऊ नका. निनावी रक्कम एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल, त्याच्या वर गेली की ३० टक्के कर.
पॅन : २७ बाकी.

ए-४०१ सर (२.२०)
आणि निवाऱ्यात संध्याकाळी प्रार्थनेची जी गाणी चालतात त्यावर कुणी तक्रार केली तर ८०जी राहील का?

सचिव (२.३३)
प्रश्न बरोबर आहे. ८०जी असलेल्या ट्रस्टला धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करता येत नाही आणि लाभ एकाच धर्माच्या लोकांना देता येत नाही. म्हणून गीतपुस्तकं, पेटी, पाळकसाहेबांचा प्रवास हे सगळं मंडळीच्या (चर्चच्या) खात्यातून, निवाऱ्याच्या नाही. जेवण ७ ला, प्रार्थना ८ ला बाजूच्या खोलीत. हा क्रम कुणी उलटा करू नका. आधी प्रार्थना आणि मग ताट असं झालं की भुकेला माणूस ताटासाठी डोळे मिटतो. ते आपल्याला नकोच आहे, कायदा राहू दे बाजूला.

ए-४०१ सर (२.३६)
हे पटलं. अनुदानाचं पटलं नाही.

सी-२०१ काकू (२.४१)
सर, तुमची गाडी निवाऱ्याच्या दारात असते, टँकर मागे येत नाही, पाइप तीस फूट ओढावा लागतो. ते आधी बघा.

ए-४०१ सर (२.४२)
या विषयाशी त्याचा संबंध नाही.

बी-१०३ (२.४३)
टँकरशी आहे सर.

खजिनदार बी-३०४ (२.५०)
पॅन : २७ बाकी. खासगीत. कृपया.

सी-२०१ काकू (४.१०)
उद्यापासूनचा आठवडा. रात्रीच्या जेवणाला तांदूळ २.४ किलो, तूरडाळ १.२, कणीक २.५. मंगळवारी आणि शुक्रवारी अंडी २४. शिजवलेलं अन्न आणायचं तर मला आधी विचारा. लग्नातलं उरलेलं नको, दुपारी शिजलेला भात रात्री ९ ला देऊन तीन जणांना जुलाब झाले होते. कोरडा शिधाच द्या.

बी-१०३ (४.१८)
अंडी तरुण संघाकडे. दोन्ही दिवस.

ए-१०२ काका (६.०५)
संध्याकाळ झाली. गाद्या मीच पिशवीत घातल्या. हातमोजे घालून. कुणाचाही फोन आला नाही.

सचिव (९.३८)
तातडीचं. निवाऱ्याच्या दारात एक आजोबा आहेत. रिक्षावाला सोडून गेला, रुग्णालयातून आणलं म्हणतो. लघवीची नळी आणि पिशवी लावलेली आहे. सिस्टर?

डी-२ सिस्टर (९.४०)
डिस्चार्ज कार्ड आहे का? नळी कधी घातली ते त्यावर असेल. ताप? चालत संडासला जाऊ शकतात का? जात नसतील तर आपण ठेवू शकत नाही, उचलायला माणूस नाही आपल्याकडे.

सचिव (९.४४)
कार्ड आहे, सोमवारी घातली. चालतात, भिंत धरून. ताप नाही. पिशवी जवळजवळ भरली आहे.

डी-२ सिस्टर (९.४६)
मी निघाले. तोवर पिशवी कमरेच्या खाली राहू द्या, जमिनीला टेकू देऊ नका. खालचा खटका उघडून भांड्यात रिकामी करा, आधी आणि नंतर हात साबणाने धुवा. लघवी लाल किंवा गढूळ दिसली तर मला लगेच सांगा. रजिस्टरला नाव, वेळ, रिक्षाचा नंबर. पोलीस चौकीला आत्ताच फोन, सकाळी नको.

सी-२०१ काकू (९.४८)
जेवले का विचारा. वरण-भात आहे, गरम करून पाठवते.

सचिव (९.५१)
७ नंबर रिकामी आहे, संडासाजवळची. तीच देतो. पिशवी अडकवायला खाटेला काही नाही.

ए-१०२ काका (९.५३)
माझ्याकडे एस आकाराचे हुक आहेत, पडद्याचे. दोन घेऊन येतो.