मदत हवी आहे: बरणीतली शिंगवाली अळी तपकिरी पडली, मरतेय का?

पायवाट (गुहागर): कालपर्यंत हिरवीगार होती. आज रंग उतरला, पान तोंडाला लावत नाही, सैरावैरा पळतेय, तळाला पातळ घाण केलीय. ताजी पानं घालूनही हेच. लवकर सांगा.

कातळसडा: कसली पानं? लांबी किती? अंगावर डोळ्यांसारखे निळे ठिपके आहेत का? असले तर ती तगरीवरची, रात्री उडणाऱ्या पतंगाची.

परसबागवाली: अनंतावरची असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, संध्याकाळी. दोन दिवसांत फांदीची नुसती काडी करतात मेल्या.

पायवाट: अनंतच. निळे ठिपके नाहीत. करंगळीएवढी. आणि ताई, मला ती जगवायचीय! बरणीत टिश्यू पेपर आहे.

कातळसडा: मग मरत नाहीये, कोषासाठी जागा शोधतेय. पातळ विष्ठा म्हणजे पोट रिकामं केलं. पसरट डब्यात ३-४ इंच माती घाला. मुठीत दाबली तर लाडू व्हावा, पाणी सुटू नये. वर वाळका पाचोळा. पाचोळ्याखाली उथळच कोष करेल. उकरून बघू नका, कोष आधी मऊ असतो, फुटतो. झाकण जाळीचं हवं. आपल्या पावसाळी हवेत बंद डब्यात बुरशी धरते. एक खरखरीत काठी तिरकी रोवा.

रानवाट: काठीपेक्षा आतून मच्छरदाणी लावा, काठी कलंडते. बाहेर आलेल्या पतंगाला चढून पंख लोंबते ठेवावे लागतात. घसरला तर चुरगळलेलेच वाळतात.

कातळसडा: मातीत नीट रोवली तर का कलंडेल?

सागरवेडा: म्हणजे ही हमिंगबर्डची अळी?

रानवाट: पक्ष्याला अळी?! हमिंगबर्ड भारतात नाहीतच. हा सेफोनोड्स हायलास, पारदर्शक पंखांचा, भरदिवसा फुलासमोर तरंगणारा हॉक मॉथ, म्हणजे पतंगच. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७७१ मध्ये नोंदवलेला. नव्या पंखांवरची करडी भुकटी पहिल्या भरारीत झडते, तो रोग समजू नका. कोषातून पतंगाऐवजी माश्या निघाल्या तर अळी आधीच परजीवी माशीने गाठलेली होती. त्यावर इलाज नाही.

मोगराप्रेमी: अनंताच्या कळ्या न उमलताच गळतात, काय घालू?

परसबागवाली: मुळाशी पाणी तुंबतंय का बघा. जांभ्याची माती असेल तर चुना अजिबात नको, अनंताला आम्लच लागतं.

पायवाट: डबा केला, अर्ध्या तासात पाचोळ्याखाली गेली! आता किती दिवस? रोज पाणी शिंपडू?

कातळसडा: उबेत साधारण दोन आठवडे. रोज नको, वरची माती कोरडी दिसली तरच कडेने चमचाभर. आणि मुंग्या! डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा.