चर्चा: सेशन आयडी ओळखता येत असेल, तर पासवर्ड कशाला?

धागाकर्ता:
एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची तपासणी करताना मला आढळले की, लॉगिननंतर सभासदाला मिळणारा सेशन आयडी (पुढे प्रत्येक वेळी पासवर्डऐवजी ओळख पटवणारी खूण) म्हणजे सभासद क्रमांक आणि त्या सेकंदाची वेळ जोडून काढलेला एमडी५ हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने बनणारी अक्षरांची ओळ, होता. बत्तीस अक्षरांची ती ओळ अगम्य दिसते, परंतु मुळात नसलेली अनिश्चितता हॅश केल्याने येत नाही. सभासद क्रमांक पासबुकावर छापलेला असतो, त्यामुळे सभासदाने दहा ते अकराच्या दरम्यान लॉगिन केले एवढे कळले तरी जास्तीत जास्त ३,६०० प्रयत्नांत त्याचे खाते पासवर्डशिवाय उघडते. खुद्द पीएचपी ही वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषादेखील पूर्वी आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक), वेळ, मायक्रोसेकंद आणि एका साध्या सूत्रातून आलेली संख्या यांचा हॅश काढत असे. यातले बरेचसे घटक ओळखता येतात हे सुरक्षा संशोधक सॅमी कमकार यांनी २०१० मध्ये दाखवले होते. ही पद्धत पीएचपीच्या ७.१ आवृत्तीत बदलली. अशा घरगुती युक्त्या पूर्णपणे बंद व्हाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
तत्त्व मान्य आहे, पण प्राधान्यक्रम पटत नाही. तेवढे प्रयत्न होण्याआधीच तो आयपी पत्ता रोखता येतो आणि सेशन पंधरा मिनिटांत संपवता येते. मालवेअर किंवा पानात घुसवलेली स्क्रिप्ट तर तयार कुकीच, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेला सेशन आयडीच, पळवते. तिथे आयडी कितीही रँडम असला तरी उपयोग नाही. लहान संस्थेने मोजका पैसा आधी तिकडे लावावा.

धागाकर्ता:
आपला स्क्रिप्टचा मुद्दा योग्यच आहे. मात्र आयपी रोखण्यावर विसंबू नये, कारण हल्लेखोर अनेक पत्ते वापरतो आणि आपल्याकडे मोबाइल इंटरनेटचे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. रोखले तर निरपराध सभासद अडकतात. उलट आयडीतले ६४ बिट (शून्य-एकचे अंक) खरोखर रँडम असतील, एक लाख सेशन चालू असतील आणि सेकंदाला दहा हजार प्रयत्न होत असतील, तरी एक सेशन सापडायला सरासरी सुमारे ५८५ वर्षे लागतील. खर्चाचे म्हणाल, तर पीएचपी ७ मध्ये random_bytes, म्हणजे ‘रँडम बाइट्स’ हे फंक्शन आयते आहे. काम एका ओळीचे आहे.

प्रतिसाद २:
आम्ही सेशन आयडी म्हणून यूयूआयडी (कुठेही पुन्हा येऊ नये असा १२८ बिटांचा ओळख क्रमांक) वापरतो. तेवढे पुरेसे नाही का?

धागाकर्ता:
कोणती आवृत्ती, ते पाहा. पहिल्या आवृत्तीत वेळ आणि बहुधा नेटवर्क कार्डाचा पत्ता असतो. यूयूआयडी ओळखणे अवघड असते असे गृहीत धरू नका, हा इशारा २००५ च्या मानकातच, आरएफसी ४१२२ मध्ये, दिलेला आहे.

प्रतिसाद १:
एका ओळीचे काम असेल, तर माझा खर्चाचा आक्षेप मी मागे घेतो. प्रयत्नांची मर्यादा आणि सेशनची मुदत मात्र काढू नयेत, या मतावर मी कायम आहे.

धागाकर्ता:
त्या राहाव्यातच. फक्त बदल करताना चालू असलेली सर्व सेशन रद्द करा, नाहीतर जुने आयडी मुदत संपेपर्यंत तसेच चालत राहतील.