मदत हवी आहे: मंडई मेट्रो स्टेशनची रस्त्यावर येणारी लिफ्ट कुठल्या बाजूला निघते?

नमस्कार मंडळी, रोज मंडई स्टेशन वापरणाऱ्यांना विचारायचंय.

आई ७४ वर्षांची, जानेवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि गौरींचे दागिने तुळशीबागेतूनच आणि ते पण स्वतः बघून घेणार असा तिचा हट्ट आहे. ऑनलाइन दाखवले तर म्हणे हातात घेतल्याशिवाय वजन कसं कळणार. रिक्षाने त्या गर्दीत जायची माझी हिंमत नाही, म्हणून नाशिक फाट्याहून मेट्रो (हो तेच, आधी ज्याला भोसरी म्हणायचे आणि भोसरीकर वैतागायचे). गाडी न बदलता थेट मंडई, त्यामुळे तो प्रश्न नाही.

प्रश्न वर येण्याचा आहे. आईला सरकत्या जिन्याची जाम भीती, पदर अडकेल म्हणते आणि पहिल्या पायरीशीच थबकते, मागे लोक तुंबतात. म्हणजे लिफ्टच पाहिजे. मी मागे एकटा गेलो होतो तेव्हा घाईत जिन्याने वर आलो आणि बाहेर पडल्यावर दिशाच कळेना, फुले मंडईचा मनोरा दिसला तेव्हा जिवात जीव आला, पण लिफ्ट बघायची राहिली. नेटवर शोधलं तर सगळे सांगतात सिव्हिल कोर्ट स्टेशन ३३ मीटर खोल, बोगदा मुठेच्या खालून जातो, मंडई स्टेशन सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं वगैरे. अरे पण वर आल्यावर किती पायऱ्या आहेत ते सांगा ना कोणीतरी!

तर लिफ्ट थेट रस्त्यापर्यंत येते का मध्ये बदलावी लागते, आणि तिथून तुळशीबागेत जायला रस्ता ओलांडावा लागतो का? नंतर दगडूशेठला पण जायचंय, तर परतीची मेट्रो धरायला मंडईलाच यावं की कसबा पेठ स्टेशन बरं पडेल? तिची चाल सध्या दहा मिनिटं, मग बसायला लागतं.

मावशी वनाजहून येणार आहे, तिला सिव्हिल कोर्टला वरच्या लाइनवरून खाली जमिनीत उतरून गाडी बदलायचीय, तिचे गुडघे शाबूत आहेत.

ता.क. कृपया "आईला घरीच बसवा" असा सल्ला नको, तो मी देऊन बघितलाय.