युकातान: गुडघेदुखी असलेली आई, शाकाहारी बाबा आणि लहान मुलं, माया संस्कृतीचे अवशेष की नुसता समुद्र?

प्रश्न (रानजाई): फेब्रुवारीत ह्यूस्टनहून सहा दिवस मेक्सिकोतलं कॅनकून. आई-बाबा सत्तरीतले, भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा बी-२ (पर्यटक) व्हिसा. मुलं ६ आणि १० वर्षांची. चिचेन इत्झा, कोबा, तुलुम हे अवशेष आणि किनारा, सगळं झेपेल का? मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागेल का?

सह्यकडा: झेपेल, पण चिचेन इत्झा कॅनकूनहून एका दिवसात उरकू नका. जवळपास २०० किमी, एका बाजूने अडीच तास. टूरच्या बस पोचतात त्या नेमक्या भर उन्हात. आदल्या रात्री वायादोलिद गावात राहा. तिथून अवशेष ४५ किमीवर, सकाळी ८ ला फाटक उघडतं तेव्हाच आत शिरा. तिकिटं दोन निघतात, एक केंद्राचं, एक राज्याचं.

पिरॅमिडवर चढायला बंदी आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न तिथे येत नाही. जमीन सपाट आहे, पण सावली फार कमी, म्हणून छत्री हवीच. मुलांना चार बाजूंच्या ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक, असे ३६५ जुळवून दाखवा. पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो, तोही ऐकवा.

एक गोष्ट हमखास चुकते: कॅनकून, तुलुम, कोबा किंताना रू राज्यात, तर चिचेन इत्झा आणि वायादोलिद युकातान राज्यात. युकातानचं घड्याळ तासभर मागे. वायादोलिदहून कोबाला निघालात की तो तास जातो, आणि अवशेष संध्याकाळी लवकर बंद होतात. म्हणून कोबा दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेवा.

निवांत_वाट: आईंसाठी खरं तर कोबाच सगळ्यात सोयीचं. अवशेषांचे गट जंगलात दूरदूर विखुरलेत, पण आत सायकलरिक्षा मिळते आणि वाट झाडाखालून जाते. तुलुमची जागा देखणी, समुद्राच्या कड्यावर, मात्र उघडी; एकच ठिकाण गाळायचं झालं तर मी तुलुम गाळेन.

सेनोते म्हणजे चुनखडीचं छत कोसळून झालेले पाण्याचे खोल डोह. चिचेन इत्झाजवळच्या इक किल सेनोतेचं पाणी जमिनीखाली साधारण २६ मीटरवर आहे आणि पायऱ्या ओल्या, त्यामुळे तिथे आईंना वर बसू द्या. तुलुम-कोबा रस्त्यावरचा कारवॉश नावाचा सेनोते उघडा आहे, पाणी जवळपास जमिनीच्या पातळीला. सेनोतेंत सनस्क्रीन चालत नाही, मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट घ्या.

रानजाई: जेवण, व्हिसा आणि गाडीचं काय?

तिकीटघर: अमेरिकेचा व्हिसा वैध असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र परत येताना तोच दाखवायचाय, तेव्हा तो मल्टिपल एंट्री आहे आणि परतीच्या तारखेला चालू आहे हे बघा. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत.

काळ्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी असते आणि भात चिकनच्या रश्शात शिजवतात. ऑर्डर देतानाच म्हणा, ‘सिन कार्ने, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो’ (मांस नको, चरबी नको, चिकनचा रस्सा नको). मक्याची तोर्तिया (पातळ पोळी), ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) आणि चीजचा केसादिया (चीज भरून दुमडलेली तोर्तिया) बाबांना चालेल.

गाडीच्या ऑनलाइन भाड्यात थर्ड पार्टी विमा बहुतेकदा धरलेला नसतो, आणि अमेरिकन क्रेडिट कार्डाचं कव्हर फक्त भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरतं. काउंटरवर थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, आकडा आधीच बजेटमध्ये धरा. गावांच्या तोंडाशी रंग न दिलेले गतिरोधक असतात, म्हणून अंधारात गाडी हाकू नका.

शेवटचे दोन दिवस इस्ला मुहेरेस बेटाला द्या. कॅनकूनच्या पुएर्तो हुआरेस धक्क्याहून फेरीबोटीने सुमारे २० मिनिटं. उत्तरेचा किनारा उथळ आणि शांत, शिवाय सारगासम शेवाळ तिथे कमी अडकतं. त्याचा मोठा जोर एप्रिल ते ऑगस्टमध्ये असतो, फेब्रुवारीत त्रास सहसा कमी.